दारात तापवलेलं पाणी

भूत, भानामती, बाहेरचं... असलं काही मी मानत नाही. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय. वर्गात असल्या गोष्टींची भरपूर टिंगलही केलीय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

गेल्या वर्षी जानेवारीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हृदय बंद पडलं. कसबा बावड्यातल्या आमच्या गोठ्यात, म्हशीची धार काढताना. दवाखान्यात डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं, पण शुद्ध येईना. मेंदूला कमी इजा व्हावी म्हणून एक दिवस शरीर तेहतीस डिग्रीवर थंड ठेवायचं, मग हळूहळू ऊब द्यायची, असं ठरलं. तोवर काहीच सांगता येणार नव्हतं. मला सगळं पटलं होतं... तापमानाचा धडा मीच तर शिकवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या – अण्णांचे धाकटे भाऊ – आत जाऊन पाया पडून आले आणि बाहेर भिंतीला टेकून खालीच बसले.

"पाय हातात घेतलो. नुसता गार दगड. दादा गेलाय रं, हे मशीन तेवढं चालवाय लागल्यात."

अण्णांना मुद्दाम थंड केलंय, औषधानं झोपवलंय, हे मी त्यांना परत परत सांगितलं. पण तात्यांनी आयुष्यात गार पाय फक्त मयताचेच धरले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "घरात पाणी ठेवाय सांगू?"

आमच्याकडे माणूस गेला की दारात तीन दगडांची चूल मांडून त्याच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवतात. मी रात्रभर झोपलो नव्हतो. माझाही धीर सुटला होता. "सांगा," म्हणालो. तात्या बावड्याला गेले. दवाखान्यातच बसलेल्या आईला कळू दिलं नाही.

दुपारी डॉक्टर म्हणाले, ऊब द्यायला सुरुवात केलीय, हृदय व्यवस्थित चाललंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावड्याला फोन केला. तात्यांनी लगेच पाणी ओतून चूल मोडली.

चौथ्या दिवशी अण्णा शुद्धीवर आले. घशातली नळी काढली तेव्हा जवळ मी एकटाच होतो. आवाज पार बसला होता, तरी शब्द स्पष्ट होते.

"दारात पाणी तापलंवतं. पाटावर किती येळ बसलो गारठून. कुणी आंघोळच घातली न्हाई... मग तात्या आला आन् सगळं पाणी ओतून दिलं."

डॉक्टर म्हणाले, या औषधांनी स्वप्नं पडतात, कॉटजवळचं बोलणंही कधी कानावर जातं. असेल. पण कॉटजवळ कुणी काही बोललंच नव्हतं. पाणी ओतलं ते बावड्यात, आणि त्यानंतर तात्या दवाखान्यात फिरकलेच नव्हते. मी घरातल्या एकेकाला खोदून विचारलं... कुणीच सांगितलेलं नाही.

अण्णा आता घरी असतात. भर मे महिन्यातही अंगात स्वेटर. परवा चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "पाणी ठेवा म्हणून कोण सांगिटलंतं रं?"

मी तात्यांचं नाव घेतलं, माझं 'सांगा' गाळून.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आसू दे."

 त्यांना अजून काय काय माहीत आहे, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.