आबांनी वाळीत टाकलेली जीप

हे सगळं नेमकं असंच घडलं का, याची मला खात्री देता येत नाही. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते पदार्थविज्ञानातलं. आठवणींच्या बाबतीत मी अगदीच कच्चा. परवा एक किस्सा रंगवून सांगितला, तर बायको म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही घरी तापानं झोपला होतात."

पण जुन्या जीपच्या नादी लागलेल्या माणसाकडे किस्से साठतातच. इंजिन उतरवून परत जोडलं की डब्यात काही नटबोल्ट उरतात, आणि ते कुठले हे कुणालाच सांगता येत नाही. माझे किस्से तसेच उरलेले आहेत. कुठला कुठं बसायचा, ते तुम्ही बघा.

नव्वदच्या दशकात आम्ही तिघं होतो. वडगाव निंबाळकरचे बापूराव, ऊसवाले. कळसचे भीमराव, ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. आणि बारामतीच्या कॉलेजात शिकवणारा मी. रविवार आला की कुणाच्या तरी गोठ्यामागं सडत पडलेली जीप शोधायला निघायचं.

*

पहिली जीप सांगवीत सापडली. एका आजीच्या अंगणात, बाभळीखाली. टायर नव्हते, हूड नव्हतं, पण सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती.

बापूरावांनी व्यवहार तिथंच पक्का केला आणि जीप कधी न्यायची म्हणून विचारलं. आजी म्हणाली, "कोंबडी उठंल तवा."

पुढच्या रविवारी गेलो, कोंबडी जागेवर. त्याच्या पुढच्या रविवारीही. कारखान्याच्या निवडणुकीत भल्याभल्यांना माघार घ्यायला लावणाऱ्या बापूरावांचं एका कोंबडीपुढं काही चालेना! शेवटी त्यांनी ट्रॅक्टर आणला आणि कोंबडीसकट जीप ओढत नेली. आजी टोपली घेऊन मागच्या बाजूला बसून वडगावपर्यंत आली. कोंबडीची सोय नीट लागली का बघितलं आणि जाताना बापूरावांना बजावलं, "जीप तुमची. पिल्लं माझी."

*

भीमरावांनी जीप घेतली ती घरातली शेवटची मेंढरं विकून. डावीकडं स्टिअरिंग असलेली, जुन्या लष्करी लिलावातली. जीप दारात आली आणि त्यांच्या वडिलांनी, आबांनी, पोराशी बोलणं बंद केलं. त्या जीपमध्ये बसणार नाही, हेही सांगून टाकलं. अर्थात भीमरावांना नाही. मला.

तेव्हापासून बापलेक एकाच बाजेवर बसायचे, एकाच ताटलीतल्या शेंगा खायचे आणि एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचे.

"मास्तर, त्याला सांगा, मेंढरू धक्का न मारता चालतं."

मी मान वळवून भीमरावांना सांगायचो, मेंढरू धक्का न मारता चालतं.

"आबास्नी सांगा, मेंढरू साठच्या स्पीडनं पळत न्हाय."

मी परत मान वळवायचो. हे सगळं ऐकू येत असतानाही आबा माझं सांगून होईपर्यंत थांबायचे आणि मगच चिडायचे.

भीमराव वरवर हसायचे. पण बाहेर निघालो की विचारायचे, "सर, आबा बसतील का वो कधी?" जीप त्यांनी हौसेसाठी घेतली होती. पण नंतरचं सगळं, सीटची गादी, नवं हूड, पाय ठेवायला केलेली पायरी, हे आबांसाठीच चाललं होतं, असं मला तरी वाटतं. मी चूकही असेन.

*

इंजिन सुरू होईना, तेव्हा भीमरावांच्या आईनं सांगितलं की आधी गाडीला भंडारा लावा. बिरोबाचं नाव घेतल्याशिवाय त्या घरात काहीच सुरू होत नसे.

आम्ही नुकताच एअर फिल्टर धुवायला काढला होता. बॉनेट उघडं, कार्ब्युरेटरचं तोंड आकाशाकडं. घरच्यांनी भक्तिभावानं मूठमूठ भंडारा उधळला. भीमरावांनी स्टार्टर दाबला. बापूराव वाकून आत बघत होते. कार्ब्युरेटरमधून एक जोरदार फटाका उलटा आला आणि बापूराव सरळ झाले ते हळद लागलेल्या नवरदेवासारखे! भुवयांपासून मिशांपर्यंत पिवळेधमक.

बापूरावांबरोबर आलेल्या त्यांच्या बायकोनं ओसरीवरून शांतपणे विचारलं, "नवरी कुठली बघितली?"

आबा हसत नव्हते. पण त्यांनी तोंडावर पटका धरला होता.

*

डाव्या स्टिअरिंगची एक अडचण अशी, की उजवीकडं वळताना हात दाखवायला ड्रायव्हरचा हात बाहेर पोचत नाही. ते काम शेजारच्यानं करायचं. म्हणजे मी.

आता माझी शिकवायची सवय. एकदा बारामतीहून येताना मी भीमरावांना इंजिनची उष्णता कुठं कुठं जाते, ते समजावत होतो. उष्णतेची दिशा दाखवायला हात लांब केला आणि तसाच ठेवला, कारण मुद्दा मोठा होता. मागं उसाचा ट्रॅक्टर होता. आम्ही वळणार म्हणून तो हळू झाला. त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं बैलगाड्या. गळिताचा हंगाम! बराच वेळ ती अख्खी रांग माझ्या व्याख्यानामागून सरकत राहिली.

शेवटी ट्रॅक्टरवाला कडेनं पुढं आला आणि म्हणाला, "पावणं, वळायचं हाय, का भाषाण संपवायचं हाय?"

*

ब्रेकचं काम मात्र कधीच पुरतं झालं नाही. बापूराव आपल्या जीपचे ब्रेक उसात शिरून तपासायचे. भीमरावांना मी एकदा काळजीनं विचारलं, ब्रेक आहेत ना?

"हायत की," ते म्हणाले. "फकस्त त्यास्नी लांबून सांगावं लागतं."

*

भीमरावांची बहीण बाळ घेऊन माहेरी यायची होती. एसटीनं इंदापूरला उतरणार, तिथून जीपनं कळस. भीमराव, त्यांची बायको सोनाबाई आणि मी जीपनं गेलो. आबा नातवासाठी आले, पण वेगळ्या एसटीनं.

स्टँडबाहेर रस्त्याला चढ होता, तिथं जीप लावली. उन्हाचा कडाका. सोनाबाई समोरच्या रसवंतीत बसल्या. आबा बाहेर कडेला उभे. मी आणि भीमराव एसटीची चौकशी करून परत आलो, तर आबा जीपमध्ये! पुढच्या सीटवर, काठी गुडघ्यांत धरून. माझ्याकडं बघून म्हणाले, "ऊन लई हाय."

भीमराव हळूच आपल्या जागेवर जाऊन बसले, पाखरू उडेल अशा बेतानं. मी मागं बसलो.

तेवढ्यात सोलापूरकडून एक एसटी येऊन अगदी आमच्या उजव्या अंगाला उभी राहिली. आम्ही तिघंही तिच्या खिडक्यांतून बहीण दिसते का बघू लागलो. एकेक खिडकी निरखत होतो आणि अचानक जीप मागं सरकायला लागली.

"भिमा, ब्रेक दाब! गाडी मागं चालली!" आबा ओरडले.

भीमराव दोन्ही पायांनी ब्रेकवर उभेच राहिले. सापेक्ष गती हा विषय वर्षानुवर्षं शिकवलेला मी मागून ओरडत होतो, "दाबा, दाबा!"

एसटी पुढं निघून गेली. जीप होती तिथंच होती.

भीमरावांनी पाय ब्रेकवरून काढले नाहीत. मग समोर बघत भीमराव म्हणाले, "दाबलाय, आबा."

"मग धर तसाच दाबून," आबा म्हणाले.

बहीण मागच्या एसटीनं आली. परतताना आबा बाळाला घेऊन पुढंच बसले. हळू घे, खड्डा हाय, तितनं नगं, हितनं घे. कळसपर्यंत मला कोणी काहीच सांगायला सांगितलं नाही.

आबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मला शंका आली. एसटी पुढं गेली, हे खरं. पण त्या चढावर, तसल्या ब्रेकवर, आमची जीप खरंच जराही सरकली नसेल? मी सोनाबाईंना विचारलं. त्या रसवंतीतून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "सरकंल कशी? आबांनी बसायच्या आदी मागच्या दोन्ही चाकांना दगड लावलं हुतं."

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी इंदापूरला जाऊन रसवंतीवाल्यालाही विचारलं. दगड त्याच्याच दुकानापुढचे होते. म्हातारबांनी ते मागून नेले होते आणि पायानं ठोकून नीट बसवले होते.