कडू न लागलेलं कोयनेल

"आ कर."

मालक म्हणाला की मी तोंड उघडायची. बेळगावच्या पेठेत त्याचं औषधाचं दुकान. मी मागल्या दारी बाटल्या धुवायला, महारवाड्यातली. मोठ्या लढाईत कोयनेल, थंडीतापावरली कडू पूड, मिळंना झालं, कुणीबी कसलीबी पूड आणून इकायचं. खरी का खोटी बघायला मालकाकडं एकच यंत्र व्हतं. माझी जीभ. कंपौंडर कागदाच्या घडीतनं वरनंच चिमूट सोडायचा, हात लागू नये म्हणून. नाकात जायची, डोळ्यात जायची. गिऱ्हाइकं बघत उभी.

एकानं इचारलं, "हिलाच का?"

मालक म्हणाला, "ह्यांच्या पोटात कायबी पचतंय."

समदी हसली. मीबी हसले. त्याची लाज अजून जात न्हाय.

कडू लागली म्हंजी खरी, मी मान डोलवायची. न्हायतर सांगायची, "कडू न्हाय, मालक. खडू हाय." तो डबा मग कपाटाखाली सरकायचा. मला वाटायचं, फेकून देत आसंल. खोटं कशाला बोलू, मनात जरा ताठाबी व्हता. माझ्यामुळं लोकांचा ताप उतरतोय म्हणायची. येडी.

थोरली भैन कणकुंबीला दिलती. रानातलं गाव, पावसाळ्यात घरटी थंडीताप. आक्का पडल्याचा निरोप आला तसं मी मालकाला इनवलं. त्यानं चिकटवलेल्या पुड्या दिल्या. "उपकार ध्यानात ठेव," म्हणाला. मी लांबनं पाया पडले, पुड्या कणकुंबीला धाडल्या.

ताप हटला न्हाय. नवव्या दिवशी आक्का गेली. मी मातीला गेले तवा दाजींनी उरलेल्या दोन पुड्या माझ्या हातात ठेवल्या, "वाया कशाला, कुणाला तरी दे." मी एक फोडली, जिभेला लावली.

खडू.

मीच खोटी ठरवलेली पूड, मीच आक्काला धाडली. चार दिवस अन्न गिळलं न्हाय. कामावर परत गेले तवा कंपौंडरनं घडी उचलली. मी दात आवळले.

"मिजास आली," मालक म्हणाला.

त्याच आठवड्यात औषधं तपासायला सरकारी इन्स्पेक्टर आला. नवा कायदा लागू झालता. मालकानं पुढली कपाटं दावली, च्या पाजला. मी वल्ल्या हातानं पुढं गेले. "साहेब, कपाटाखाली खोटं कोयनेल हाय. मी चाखलंय."

"बाटल्या धुणारी हाय. हिचं काय ऐकताय?" मालक म्हणाला.

साहेबानं तरी वाकून बघितलं. डबा न्हवता. आदल्या दिवशीच हलवलेला. साहेब माणूस वाईट न्हवता. म्हणाला, "बाई, जिभेचा पुरावा चालत नाही. औषध विकत घ्या, पावती घ्या, अर्ज करा. सरकार तपासून देईल. विकत घेणारा कुणीही अर्ज करू शकतो."

"कुणीबी?"

"कुणीही. कायद्यात तसंच आहे."

जल्मात आमाला त्या 'कुणीही'त कुणी धरलं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी कामाला गेले न्हाय. पुढल्या दारानं गेले, गिऱ्हाईक म्हणून. "कोयनेल द्या. पावती करा."

"मागनं ये."

"न्हाय. हितनंच."

"तुला कसली पावती? अक्षर तरी येतंय काय?"

"मला न्हाय येत. तुमाला येतंय न्हवं? लिवा."

कुणी हसलं न्हाय. त्यानं पावती दिली न्हाय, हमालाकडनं मला रस्त्यावर काढलं. कोपर फुटलं.

आता दर शनिवारी, बाजाराला, मी त्या दुकानासमोर उभी ऱ्हाते. रानातनं बाया येत्यात, तापलेली पोरं पाठीवर. मी एकेकीला सांगते, पुडी घे, पर पावती मागून घे. आजवर कुणालाच दिली न्हाय त्यानं. एकीला मिळू दे, तिच्याबरुबर अर्ज घेऊन मी जाणार, कोर्टातबी उभी ऱ्हाणार. पोलीस आणू दे, दुसरं कोपर फुटू दे. त्याला त्या गादीवरनं उठवल्याबिगर मी बसणार न्हाय.