बेकन घरी कोण आणतं?

आमच्याकडे, इंग्लंडातल्या एसेक्सात, ज्याच्या कमाईवर घर चालतं तो ‘बेकन घरी आणतो’ असं म्हणतात. क्लिफर्ड टँझलीच्या घरी ते काम बायकोचं. छपरावरून पडून त्याची पाठ कामातून गेली, तेव्हापासून मेव्हिस बस चालवायची आणि क्लिफ घर सांभाळायचा. हाताला अशी चव, की मी शेजारीण मुद्दाम जेवणाच्या वेळी मीठ मागायला जायचे. पण पबमध्ये त्याला कुणीतरी विचारायचंच, “काय क्लिफ, आज बायकोनं बेकन आणलं का?” तो हसायचा. मला मात्र त्या टोळभैरवांचा भयंकर राग यायचा.

म्हणून डनमो गावच्या गमतीच्या खटल्यात त्यानं दोघांचं नाव दिलं, तेव्हा मी कारण विचारलं नाही. वर्ष आणि वर एक दिवस ज्या जोडप्याला लग्नाचा पस्तावा झाला नाही, त्याला तिथे बेकनची, म्हणजे खारवलेल्या डुकराची, अख्खी एक बाजू बक्षीस मिळते. ‘बेकन घरी आणणं’ हे बोलणं तिथूनच निघालं म्हणे. पंडितांना हे पटत नाही. न पटेना का.

“एकदा तरी मी आणीन,” एवढंच क्लिफ म्हणाला.

मांडवात जोडप्यापासून बेकन वाचवायला एक वकील उभा असतो. त्यानं क्लिफला विचारलं, “वर्षभरात कधी वाटलं, लग्न झालं नसतं तर बरं?”

“वाटलं.”

मी कपाळावर हात मारला. हातातोंडाशी आलेला घास या भोळ्यानं घालवला होता.

“केव्हा?” वकिलाचा चेहरा खुलला.

“रोज संध्याकाळी. हिची बस वळणावर दिसली की वाटतं, लग्न झालं नसतं तर आत्ता धावत जाऊन मागणी घातली असती.”

“धावत? या पाठीनं?” मेव्हिस म्हणाली. “मीच बस थांबवली असती, येड्या.”

निकाल देणारी पोरंपोरी सगळी बिनलग्नाची. ती हसत सुटली आणि बेकन आमचं झालं.

परतताना मेव्हिसनं पबसमोर बस उभी करून भोंगा वाजवला. सगळे बाहेर आले. बेकनच्या धुडाचं मागचं जड टोक तिनं खांद्यावर घेतलं, पुढची दोरी क्लिफच्या हातात दिली. तो छाती काढून घरापर्यंत पुढे चालला. मला रडूच आलं.

दारात मेव्हिस म्हणाली, “आणलंस ना बेकन? ठेव आत. आणि चहा टाक, मी दमलेय.”