दहा आकड्यांची घंटा

आलापल्लीच्या बाजूला अयूब वायरमनला सगळे ‘घंटीवाला मिस्त्री’ म्हणत आणि त्या नावाचा त्याला भलताच अभिमान होता. पुढे तेच नाव कुणी घेतलं की तो रस्ता बदलू लागला. का, ते सांगतो.

गुणवंतरावांच्या आरागिरणीत तो सत्तेचाळीस साली लागला, तेही भैयाजीच्या शब्दावर. भैयाजी तिथला मुकादम. दहा वर्षं दोघं एकाच मोहाच्या झाडाखाली बसून जेवले. अयूबची बायको कमरजहाँ अंबाडीची चटणी करायची, ती मोजून दोघांपुरती असायची.

गिरणीत एक जुनी रीत होती. आरा सुरू करण्याआधी चालू-बंदच्या दांड्यावरचा पत्रू ओरडायचा, “लावू का?” पात्याजवळून सुकलूचं उत्तर यायचं, “लाव!” सुकलू पेरमिलीकडचा गोंड, पात्याखालच्या ढलप्या काढायचं काम त्याचं. दोन्ही हात बाहेर घेऊन, त्यांच्याकडे एकदा बघून मगच तो ‘लाव’ म्हणायचा. घाई करणाऱ्याला तो भीक घालत नसे.

सत्तावन्न साली गुणवंतरावांनी आऱ्यासाठी मुंबईहून नवी विजेची मोटार आणली आणि तिच्यासोबत एक लोखंडी पेटी. पेटीत रेडिओत असतात तसे काचेचे व्हॉल्व. तिचं काम एकच, वेळ मोजायची आणि मोटारीची वीज जोडायची किंवा तोडायची. झाकणाच्या आत एक बटन होतं आणि त्याला तीन खुणा. बटन पहिल्या खुणेवर असलं, की दांडा ओढल्यावर पेटी आधी दहा आकडे मोजायची, तेवढा वेळ घंटा वाजायची आणि मगच आरा फिरायचा. दांडा पाडला की वीज तत्काळ बंद. दुसरी खूण उलट्या स्वभावाची. तिच्यावर दांडा ओढताच काम सुरू, घंटाबिंटा काही नाही, पण दांडा पाडल्यावरही मोटार आणखी दहा आकडे चालूच राहायची. ती भुसा ओढणाऱ्या पंख्यासाठी केलेली, कारण आरा थांबला तरी भुसा उडतच असतो. तिसऱ्या खुणेवर मोटार लगेच सुरू व्हायची आणि दांडा ओढलेला असला तरी दहा आकड्यांनी आपली आपण बंद पडायची. गिरणीत तिचा काही उपयोग नव्हता.

अयूबनं पेटी पहिल्या खुणेवर लावली. पण माणसं विश्वास ठेवीनात. सुकलू तर म्हणाला, “डब्ब्याले काय समजते, मिस्त्रीभाऊ? त्याले डोळे हाय का?”

तेव्हा अयूबनं एक काम केलं. सगळ्यांसमोर त्यानं आपला उजवा हात आऱ्याच्या दात्यांवर ठेवला आणि पत्रूला दांडा ओढायला सांगितलं. घंटा वाजू लागली. तो मोठ्यानं मोजत होता. सातला हात काढला, दहाला आरा फिरला. “घंटी वाजल्याबिगर आरा हालत नाई. माह्यी जबान हाय,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून सुकलूनं ‘लाव’ म्हणणं सोडलं आणि पत्रूचं विचारणंही आपोआप थांबलं. घंटा वाजेल तेव्हा हात काढायचे, एवढंच उरलं.

आपण आजारी पडलो तर काम अडू नये, म्हणून अयूबनं बटनाच्या तिन्ही खुणा एका माणसाला शिकवल्या. अर्थात भैयाजीला.

फाल्गुनात रेल्वेच्या स्लीपरांचं मोठं काम आलं. गुणवंतराव येता-जाता कुरकुरायचे, “दर खेपेले घंटी वाजवता, देवळात आले का?” भैयाजीला मालकाची मर्जी हवी होती, मॅनेजरच्या खुर्चीवर त्याचा डोळा होता. एका सकाळी अयूब यायच्या आधी त्यानं झाकण उघडून बटन फिरवलं आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

अयूब फाटकातून आत शिरत होता. घंटा वाजली नाही. आरा मात्र एकदम फिरला आणि सुकलूची किंकाळी आली. पत्रूनं दांडा पाडलेला अयूबला स्पष्ट दिसला. वीज तुटली की आऱ्याचा आवाज लगेच उतरायला लागतो. तो उतरला नाही. अयूब धावत होता आणि त्याच्या मनात आकडे आपोआप पडत होते. दहाला आवाज उतरला. पेटी बिघडली नव्हती. ती दुसऱ्या खुणेवर होती, आणि ती खूण गिरणीत दोनच माणसांना ठाऊक होती.

सुकलूचा उजवा हात मनगटातून गेला.

मालकासमोर चौकशी झाली, तेव्हा भैयाजीनं कानांवर हात ठेवले. ज्याचे दोन्ही हात शाबूत असतात त्याला ते सोपं जातं. “बटनाचं सारं मिस्त्रीच पाहते. मले त्यातलं काय समजते?” मालकांनी विषय तिथेच मिटवला. चूक अयूबच्या नावावर लागली.

दुपारी मोहाखाली अयूबनं विचारलं, “काऊन केलं, भैयाजी?”

“धा आकडे वाचत होते. मालक खूश होईन वाटलं. सांगाचं राहून गेलं.”

“मंग आता सांग.”

“माह्यी मुकादमी जाईन ना,” भैयाजी म्हणाला आणि सवयीनं त्यानं चटणीकडे हात केला. ज्यानं कामाला लावलं, त्यानंच केसानं गळा कापला, आणि वर जेवायलाही बसला! अयूबनं डबा झाकला आणि तो उठून गेला. त्या झाडाखाली तो पुन्हा कधी जेवला नाही.

महिन्याभरानं तो पेरमिलीला गेला. त्याला बाकी काही नको होतं, सुकलूला खरं कळावं एवढंच हवं होतं. सुकलूनं डाव्या हातानं पाणी दिलं. अयूबनं सगळं सांगितलं, तिन्ही खुणा, झाकण, बटन कुणी फिरवलं तेसुद्धा. सुकलू शेवटपर्यंत ऐकत राहिला.

“भैयाजीवर मी भरोसा ठेवलाच नोयता, भाऊ,” तो म्हणाला. “म्हणून तं ‘लाव’ म्हणाचं माह्याकडे ठेवलं होतं. ते तू सोडाले लावलं. तुह्या हाताकडे पाहून सोडलं मी.”

अयूबनं आपला उजवा हात हळूच मांडीखाली घेतला.