पेन्सिलीची फुली

मलांग शहरात विजेचे मीटर तपासण्यात वार्सितोंची उभी हयात गेली. कुणी तार वळवली, कुणी सील फोडून परत चिकटवलं, हे त्यांना दारातच कळायचं. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. शेजारीण फणसाची भाजी घेऊन आली, तरी बाई आली कशाला हे आधी शोधून काढत, मग भाजी खात. असल्या माणसाशी संसार करणाऱ्या एंदाहचं मला नेहमी कौतुक वाटायचं.

वार्सितोंचा जीव होता तो अंगणातल्या कासवांच्या जोडीवर. त्यातला नर मेला आणि थोड्याच दिवसांत मादीनं पपईखाली खड्डा उकरून अंडी घातली. ही त्या नराची शेवटची पिल्लं. वार्सितोंनी अंडी जशी होती तशी अलगद उचलली, वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारली आणि थर्माकोलच्या खोक्यात, ओलसर काथ्याच्या भुशात, बल्बखाली रोवली. कासवाचं अंडं उलटं झालं तर आतला जीव दगावतो. फुली कायम वर हवी. एक अंडं चेपलेलं होतं. ते वाया गेलेलंच आहे असं धरून त्यांनी त्यावर फुली न मारताच ते कोपऱ्यात सारलं.

काही दिवसांनी झाकण उघडलं, तर एकही फुली दिसेना. सगळी अंडी उलटी झालेली. वार्सितोंनी ती हळूच सुलटी केली. नंतर पाहिलं तर पुन्हा तेच.

घरात चोर शिरला होता, आणि कोण तेही त्यांनी ठरवून टाकलं. मेहुणा कुंचोरो म्हाताऱ्या आईसह त्यांच्याकडेच राहायचा आणि पक्षीबाजारात बुलबुल विकायचा. कासवाच्या पिल्लांना गिऱ्हाईक आहे, असं तो एकदा जेवताना बोलून गेला होता. हा गिऱ्हाइकांना अंडी काढून दाखवत असणार. वार्सितोंनी झाकणाला दोरा चिकटवला. दोरा तुटला. मग त्यांनी खोक्याला कुंचोरोच्या लवंगेच्या सिगारेटचा वास येतो का तेही हुंगून पाहिलं. वास नव्हता, पण त्यांना आला.

सकाळी न्याहारीलाच त्यांनी विषय काढला.

"दाजी, मी त्या खोक्याला हात लावलेला नाही," कुंचोरो म्हणाला.

"आकडे टाकून वीज चोरणारेही हेच सांगायचे."

कुंचोरोनं भाताचं ताट बाजूला सारलं, पिंजरे उचलले आणि तो दुकानात राहायला गेला. एंदाहनं नवऱ्याशी बोलणं टाकलं.

आणि दोरा पुन्हा तुटला.

शुक्रवारी वार्सितो नमाजाला म्हणून निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परतले. खोक्यापाशी त्यांची सासू सारिन्तेन उकिडवी बसली होती. मोजोसारी गावी भाताच्या तुसात बदकांची अंडी उबवण्यातच म्हातारीचा जन्म गेलेला. ती एकेक अंडं मायेनं उलटं करत होती.

"आई, काय चाललंय?"

"तुमचंच काम. फुल्या तर मारल्यात, मग अंडी पालटायला नकोत? आज फुली खाली, उद्या वर, नाहीतर पिल्लू टरफलाला चिकटतं. मी खाली करून जाते, तुम्ही वर करता. म्हटलं, जावई बोलत नाही, पण हातभार लावतोय."

वार्सितो तिच्याशेजारी बसले. चोराचं अर्धं काम त्यांच्याच हातून झालं होतं. त्यांनी विजेरी लावून फुलीचं एकेक अंडं पाहिलं. एकातही जीव नव्हता. मेलेल्या नराची आठवण येऊन ते म्हातारीसमोर ओक्साबोक्शी रडले. तिचं काय चुकलं, ते तिला सांगायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.

"ते कोपऱ्यातलं नासकं असेल," ती म्हणाली. "त्याला फुली नव्हती, मी शिवले नाही."

वार्सितोही त्याला शिवले नव्हते. ते अंडं त्यांनी तसंच राहू दिलं, आणि पावसाळा सरता सरता त्यातून एक पिल्लू बाहेर आलं.

पिल्लू तुरुतुरु चालायला लागलं, तसं ते वाडग्यात घेऊन वार्सितो पक्षीबाजारात गेले. कुंचोरोनं वाडग्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"विकायचंय का, दाजी?"

"नाही," वार्सितो म्हणाले. "कुणी चोरू नये म्हणून तुझ्याकडे ठेवायला आणलंय."