अष्टमीला येणाऱ्या नर्सबाई

होडी चिखलात बसली तेव्हा सुगंधाचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पाणी आमच्या डोळ्यांदेखत निघून चाललं होतं. पोर नुकतीच जन्मलेली, रडत होती. रक्त मात्र थांबत नव्हतं. नर्सबाई दोन्ही हातांनी माझ्या सुनेचं पोट दाबून बसल्या होत्या. माझा मुलगा हरेश होडी ढकलायला उतरला, तो कमरेपर्यंत रुतला. लांब, खाडी बुजवायच्या भरावावर डंपर माती ओतत होते. आम्ही ओरडलो, हात केले. एका ड्रायव्हरने उलट हात केला. त्याला वाटलं, कोळी मासे धरतायत... सुगंधा म्हणाली, "आई, थंडी वाजते." मे महिना होता. त्यानंतर ती बोलली नाही.

त्या नर्सबाई, कुंदाबाई, गेल्या महिन्यात खांदा कॉलनीत त्यांच्या घरी वारल्या. कॅन्सर होता. फोन सुट्टीला माझ्याकडे आलेल्या नातीने घेतला. "आजी, बाई गेल्या," म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी चुलीवरचं कालवण उतरवलं. दुसरं काय करणार होते?

बाई मूळच्या कराडकडच्या. आमच्या उलव्याकडच्या गावाला पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना खाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. बुधवारी सकाळी लसीचा निळा डबा खांद्याला लावून यायच्या, देवळाच्या ओट्यावर बसायच्या. गाव रिकामं. ओहोटीला आम्ही सगळ्या बायका चिखलात, खेकडे आणि कालवं काढायला, पोरं काखेत नाहीतर बांधावर. बाई दोन-तीन बुधवार तशाच परत गेल्या. चौथ्यांदा बांधावर उभ्या राहून ओरडल्या, "अहो मावशी, सरकार फुकट सुई देतंय आणि तुम्ही खेकडे धरताय!"

मी खालूनच म्हटलं, "बाय, बुधवार तुज्या सरकारचा. पानी आमचं हाय. भांगाला ये."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, बायका घरी असतात. बाईंनी त्याच दिवशी माझ्याकडून सगळं समजून घेतलं. नंतर त्या अष्टमीलाच यायच्या. पोरांच्या पिवळ्या कार्डावर तारीख लिहायच्या आणि खाली पेन्सिलीने तिथी. तारीख साहेबांसाठी, तिथी आमच्यासाठी. वरून बोलणी खाल्ली, पण वार बदलला तो बदललाच. आमच्या गावातलं एकही पोर मग डोसाशिवाय राहिलं नाही. मला वाटायचं, हिला मी शिकवलं. तो माज मला नडला.

सुगंधाला दुपारी कळा लागल्या तेव्हा बाई शेजारच्या गावात होत्या, निरोप मिळताच आल्या. तपासून म्हणाल्या, "मावशी, लक्षण बरं नाही. पनवेलला न्यायचं. रिक्षा सांगा."

मी म्हटलं, "रस्ता डंपरनी खाल्लाय, रिक्षात हादऱ्यानं मरंल ती. होडीनं पलीकडं नेऊ, तितनं गाडी करू. अर्ध्या तासाचं काम."

"पाणी राहील?"

"आज दुतिया. दीडला भरती, चारपर्यंत होडी चालते. मी जल्मापासनं बघते."

"खड्डे असू देत मावशी, रस्ता आटत नाही," बाई म्हणाल्या. हरेश माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, होडी काढ.

हिशोब बरोबर होता, खाडी जुनी राहिली नव्हती. भरावाने तिचं तोंड अरुंद केलं होतं. कालवं कमी मिळायला लागली, तेव्हा मी पाण्याला शिव्या दिल्या, पण ते लवकर पळतंय हे मान्य केलं नाही. तीन वाजता आम्ही चिखलात होतो. शेवटी बाईच पोरीला पदरात गुंडाळून उतरल्या आणि छातीपर्यंत चिखल तुडवत भरावाकडे गेल्या. डंपरमधून पोर पनवेलला पोचली. सुगंधाला आम्ही पुढच्या भरतीला आणलं.

चार दिवसांनी बाई रजिस्टर घेऊन आल्या. उशीर का झाला, तो रकाना भरायचा होता. मी म्हटलं, "लिवा, सासूनं आयकलं नाय." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, "रस्ता नव्हता, असं लिहिते. ते खोटं नाही." खोटं नव्हतंच. धड रस्ता असता तर मी होडी कशाला काढली असती? पण पुरतं खरंही नव्हतं, ते आम्हा तिघांनाच ठाऊक. हरेशने मला कधी विचारलं नाही. जेवताना माझ्याकडे पाठ करून बसतो, तो तेव्हापासून.

गावची शाळा चौथीपर्यंत. नातीचं, मनस्वीचं, पुढे काय करायचं म्हणून मी तिला मासळीच्या टोपलीला लावणार होते. बाई निवृत्त झाल्या होत्या, तरी आल्या. "तिला माझ्याकडे द्या," म्हणाल्या. मी म्हटलं, "ओझं होईल तुमाला." त्या म्हणाल्या, "मावशी, एकदा तुमचं ऐकलं. आता माझं ऐका." त्या दिवसावरून त्या मला एवढंच काय ते बोलल्या. पोर त्यांच्या घरी राहून शिकली, आता दहावीला आहे.

तिला सगळे सांगत आले, रस्ता नव्हता म्हणून तुझी आई गेली. बाईंना शेवटचं भेटले तेव्हा त्यांचा हात लाकडासारखा झाला होता. मी म्हटलं, पोरीला सांगू का? त्या म्हणाल्या, "तुम्ही ठरवा. मी नाही सांगणार." आणि डोळे मिटून घेतले...

मी चौथी शिकलेली. हा कागद शुद्ध करायला मनस्वीलाच दिला. मला तोंडाने सांगायला जमलं नसतं. पुढचं मी मागाहून लिहिलं. तिने शेवटपर्यंत वाचला, चुका दुरुस्त केल्या. मग पत्र्याच्या डब्यातून स्वतःचं पिवळं कार्ड काढलं, खिडकीशी नेऊन पेन्सिलीची 'अष्टमी' बघितली. अक्षर पुसट झालंय. कार्ड परत डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

त्या होडीत आम्ही पाच जण होतो. सुगंधा तिथेच गेली. बाई आता गेल्या. हरेश, मनस्वी आणि मी जिवंत आहोत.