नॉर्मल माणसाची नळी

हातमोज्यांचा डबा महिन्यात संपतो, पण आमच्या यवतमाळच्या लॅबमधले किस्से संपत नाहीत. मी इथला मदतनीस, बोलायला लाजतो, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

आमची मशीन रक्तातल्या पेशी एकेक करून लेसरसमोरून नेते. पेशीवरच्या प्रोटीनला आधी चमकणारा रंग चिकटवायचा. जितकी चमक, तितकं प्रोटीन. आमचे टेक्निशियन राऊतभाऊ हे एका पाहुण्याला सांगत होते. पाहुणा म्हणाला, "एकामागं एक? धक्काबुक्की नाही? मंग ही मशीन यवतमाळची नाही जी!"

* * *

रंग उजेडात फिका पडतो, म्हणून नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवतात. एकदा आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी घाईत टेबलावरचं फॉइल उघडलं. आत राऊतभाऊंची पोळी आणि ठेचा!

"राऊत, हे सॅम्पल चमकत नाही."

"खाऊन पाहा मॅडम, डोळ्यापुढं चमकते!"

* * *

रुग्णांच्या पेशी ताडून पाहायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते बहुतेक वेळा माझंच. नळीवर मीच लिहितो, 'नॉर्मल'.

आईनं गल्लीभर सांगितलं, "मशीनवर तपासलं, माहा पोरगा नॉर्मल हाय!"

शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहून व, आधी शंका होती का?"

* * *

आईला घाई होती. शाळा नववीत सुटली म्हणून मला तीन ठिकाणांहून नकार आला होता. चौथं स्थळ उमरखेडचं. वैशाली मला पाहताक्षणी आवडली. तिच्या वडिलांनी विचारलं, "काम काय करता?"

मी पोह्यांतले शेंगदाणे वेचले, बशीत रांगेत लावले, मोबाईलचा टॉर्च धरला आणि एकेक दाणा सरकवत सगळी मशीन समजावली. दहा मिनिटं! आयुष्यात इतकं बोललो नव्हतो.

वडील म्हणाले, "बापू, पोहे थंडे होऊन राह्यले."

वैशालीनं विचारलं, "अन् दोन पेशी चिकटून गेल्या तर?"

"मशीनले दोघी मिळून एकच वाटते."

ती लाजली. पण खरं ते सांगायलाच हवं. "म्हणून आम्ही दोघींनाही बाद करतो," मी म्हणालो.

आईनं कपाळावर हात मारला.

आठ दिवस निरोप नाही. नवव्या दिवशी वैशाली वडिलांना घेऊन थेट लॅबमध्ये! तिनं मशीन पाहिली, माझी नळी पाहिली आणि मॅडमना म्हणाली, "सगळ्यायले याच एका माणसासंगं ताडता? एकट्याचा काय भरवसा?"

"दुसरं कोणी तयारच होत नाही," मॅडम म्हणाल्या.

वैशालीनं बाही वर सारली.

राऊतभाऊंनी मार्कर माझ्या हातात दिला. मी नव्या नळीवर वेडंवाकडं लिहिलं, 'नॉर्मल दोन'.

तिचे वडील वाकून पाहत म्हणाले, "अक्षर तरी नीट काढा, जावईबापू!"